रोजच्या तीन वाघिणी

आमच्या घरात कपडे वाळत घालण्याची एक रीत आहे. आधी ओलं फडकं घ्यायचं, दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायची, फडकं उलटं करून पुन्हा एकदा पुसायची आणि मगच कपडे टाकायचे. नोकरीसाठी नवी मुंबईतल्या ऐरोलीला आलो तेव्हा पहिल्याच रविवारी मी गॅलरीतली दोरी पुसायला घेतली. माझा रूममेट साताऱ्याचा. चहाचा कप घेऊन तो दारात उभा राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "काय रे, दोरीलापण अंघोळ घालतोस का?" त्याला काय सांगणार? चंद्रपुरात दोरी न पुसता पांढरा शर्ट वाळत घातला तर पाठीवर आडवी काळी रेघ उठते आणि ती साबणाला दाद देत नाही.

ते काळं नेमकं कुणाचं, हे विचारण्यात अर्थ नाही. खाणी आहेत, कोळशाच्या सायडिंग आहेत, ताडपत्रीशिवाय धावणारे ट्रक आहेत, चिमण्या आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात चंद्रपूर चौथं आलं, १०० पैकी ८३.८८. मला दहावीत एवढे पडले असते तर आईने कॉलनीभर पेढे वाटले असते.

बाबा औष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर होते. आमचं बालपण ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. बंद पडलेला वीजनिर्मितीचा संच पुन्हा सुरू व्हायचा तेव्हा वाफ सोडल्याचा असा आवाज उठायचा की शाळेत बाई खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहायच्या. रात्री लँडलाइन वाजली की आई पांघरुणातूनच म्हणायची, "ट्रिप झाला वाटते," म्हणजे संच अचानक बंद पडला, आणि बाबा अंधारात शर्ट चाचपायला लागायचे. खिडकीतून कूलिंग टॉवर दिसत. हिवाळ्यातल्या सकाळी त्यांच्या तोंडातून पांढरीशुभ्र वाफ निघून आभाळात मिसळायची. धाकटी बहीण त्याला ढगांचा कारखाना म्हणायची. आमचे बाबा ढग बनवतात, असं तिनं पहिलीच्या बाईंना सांगून टाकलं होतं. मी आज ज्या धंद्यात आहे त्याला सगळं जग क्लाउड म्हणतं, त्यामुळे तिला अजूनही दिवाळीत हसायला एक विषय आहे.

कॉलनीत वीज सहसा जायची नाही. मामाचं गाव वरोऱ्याकडे, तिथे बारा-बारा तास भारनियमन. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो की मामा कंदिलाची काच राखेनं घासत बसलेला असायचा आणि मला बघून म्हणायचा, "तुझा बाप वीज बनवते, अन् आम्ही काच पुसतो." रागानं नाही म्हणायचा. पण दर सुट्टीत म्हणायचा.

मग ती वीज जायची कुठे? १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघा अशी वाहिनी सुरू झाली. पडघा म्हणजे भिवंडीजवळचा. ७५२ किलोमीटर लांब, ५०० केव्हीची (किलोव्होल्टची), आणि एसी, म्हणजे घरात येते ती उलटसुलट वाहणारी वीज नव्हे, तर डीसी, एकाच दिशेनं वाहणारी. एवढ्या अंतरावर एसी न्यायची तर वाटेत गळती फार. म्हणून इथे एसीची डीसी करायची, विदर्भ-मराठवाडा ओलांडून घाट उतरवायची आणि तिकडे परत एसी करायची. १,५०० मेगावॅट वाहून नेण्याची तिची ताकद. बाबांना तिचं भारी कौतुक. गावाबाहेर स्कूटर थांबवून दाखवायचे: इतर मनोऱ्यांवर तीन-तीनच्या पटीत तारा, हिच्या मनोऱ्यावर एक डावी आणि एक उजवी, बस. "ही सरळ मुंबईले जाते," असं ते म्हणायचे तेव्हा मला ती तार म्हणजे रेल्वेसारखीच काहीतरी वाटायची. तिच्यात बसून जाता येत नाही, एवढाच फरक.

तिच्या मागोमाग मीही गेलो.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला एके काळी रासायनिक कंपन्यांच्या चिमण्या होत्या. आता त्यातल्या कित्येक प्लॉटवर खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. पाटी छोटी, कुंपण मोठं, गेटवर मोबाइल काढून ठेवायचा. ही डेटा सेंटरं: लोकांचे फोटो, मेसेज, बँकांचे हिशेब सांभाळणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, आत रांगेनं उभे. देशातल्या डेटा सेंटरांची जवळजवळ निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत एकवटली आहे. कारण साधं आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याच्या आसपास किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, आणि मुंबईत वीज जात नाही असा एक सार्वत्रिक समज आहे.

"मुलगा आयटीत आहे," असं आई सगळ्यांना सांगते. खरं तर मी सर्व्हरला बोटसुद्धा लावत नाही, लावायची परवानगीही नाही. माझ्याकडे वीज आणि गारवा: ट्रान्सफॉर्मर, वीज गेल्या क्षणी भार धरणारा यूपीएस, बॅटऱ्या, डीजी म्हणजे डिझेलवरची जनित्रं, आणि गार करणारे चिलर. आत रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचलेल्या कपाटांच्या, रांगा समोरासमोर असतात. रांगांच्या पुढच्या बाजूला थंड हवा सोडलेली, मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. मागच्या गल्लीचं दार उघडलं की चंद्रपूरचा मे महिना तोंडावर येतो. नवीन पोरं मागे सरकतात. मला उगाच घरी आल्यासारखं वाटतं.

रोज सकाळी एक आकडा वर कळवावा लागतो, पीयूई. सर्व्हरला लागणाऱ्या विजेच्या मानाने अख्ख्या इमारतीला किती वीज लागली, त्याचं प्रमाण. १ आला तर एकही युनिट वाया गेलं नाही असा अर्थ. तसा कुणाचाच येत नाही. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे. म्हणजे तुमचा फोटो जपून ठेवायला शंभर युनिटं लागली तर तो फोटो घामाघूम होऊ नये म्हणून वर पन्नास-पंचावन्न लागली. मुंबईच्या दमट हवेत हा आकडा खाली आणणं म्हणजे गळक्या बादलीनं टाकी भरणं.

बाबा रिटायर झाल्यावर चंद्रपूरच्या तुकूममध्ये घर बांधलं. मागच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा ऐरोलीला राहायला आले. आत नेणं शक्यच नव्हतं, म्हणून संध्याकाळी फिरताना कुंपणाबाहेरूनच इमारत दाखवली. त्यांनी इमारतीकडे पाहिलंच नाही. बाजूच्या ट्रान्सफॉर्मरच्या आवाजाकडे कान लावला आणि विचारलं, "लोड किती?"

"बाराच्या आसपास. मेगावॅट."

"पीक टाइमले ना?"

"नाही बाबा. चोवीस तास."

"रात्री तीनलापण?"

"रात्री तीनलापण."

ते थांबले. मला वाटलं, दम लागला. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कौतुकाशिवाय दुसरा शब्द नाही. घरगुती वापराचा आलेख उंटासारखा असतो: सकाळी एक कुबड, संध्याकाळी दुसरं, रात्री सपाट. मागणी पडली की संच खाली आणायचा, चढली की वर न्यायचा. जुन्या बॉयलरला ते सोसत नाही, नळ्या फुटतात आणि रात्री दोनला ऑपरेटरच्या घरचा फोन वाजतो. "असं सरळ लोड मिळावं म्हणून आम्ही जन्मभर तरसलो," ते म्हणाले. "आमच्यासाठीच बनवल्यासारखं आहे हे."

पुढे कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी बिल उलटं केलं आणि खिशातलं पेन काढलं. १२ मेगावॅट, २४ तास: २ लाख ८८ हजार युनिट. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा. झाले १८७ टन. "एका वाघिणीत साठ टन धर," ते म्हणाले आणि खाली एक रेघ मारून लिहिलं: ३.

रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे हल्ली फक्त रेल्वेच्या, सिमेंटच्या नि कोळशाच्या माणसांना माहीत असतं. चंद्रपुरात या शब्दाची गंमत वेगळी आहे. ताडोबाच्या वाघिणींना नावं असतात, त्यांना बघायला लोक परदेशातून येतात आणि त्यांचे फोटो बहुधा आमच्यासारख्याच एखाद्या इमारतीत येऊन पडतात. या दुसऱ्या वाघिणींना नंबर असतो. रोज तीन, एका मध्यम आकाराच्या इमारतीसाठी.

आता इथे कुणीही म्हणेल, आणि मीही बाबांना तेच म्हणालो, की ही वीज चंद्रपूरचीच कशावरून? बरोबर आहे. विजेवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. कोयनेची, चंद्रपूरची, साक्रीच्या सौर पॅनेलांची, सगळी एकाच जाळ्यात ओतली जाते आणि ज्याला लागेल तो काढून घेतो. राज्यभराचा हा हिशेब सेकंदासेकंदाला जुळवणारं भार प्रेषण केंद्र आहे तेही ऐरोलीतच, आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. पण बाबांचा मुद्दा तो नव्हता. दिवसा सूर्य असतो. संध्याकाळच्या कुबडाला कोयना धावून येते, तिचं कामच ते. रात्री तीन वाजता, जेव्हा माणसं झोपलेली असतात आणि आमचं लोड तसंच्या तसं उभं असतं, तेव्हा महाराष्ट्रात मुख्यतः जळत असतो तो कोळसा.

बऱ्याच डेटा सेंटरांच्या लॉबीत हिरव्या पानाचं चित्र आणि अमुक टक्के हरित ऊर्जा असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं. सौर आणि पवन प्रकल्पांशी करार केलेले असतात, वर्षभरात वापरलेली युनिटं आणि तिकडे तयार झालेली युनिटं यांची बेरीज जुळते. फक्त ती वर्षाची बेरीज असते. दुपारी बारा वाजता जास्तीची हरित वीज जाळ्यात टाकायची आणि रात्री तीन वाजता जाळ्यातून जी मिळेल ती घ्यायची. वर्षभर एकादश्या मोजून धरल्या म्हणून द्वादशीच्या रात्रीचं मटण उपासात धरण्यासारखं आहे ते. तासागणिक हिशेब ठेवा, अशी मागणी आता जगात जोर धरते आहे. तो ठेवला तर पानाचा रंग कुठला दाखवायचा, हे आमच्या मार्केटिंगवाल्यांना ठरवावं लागेल.

पाण्याचं प्रकरण तर मला स्वतःलाच उशिरा कळलं. सर्व्हर गार ठेवण्याच्या ढोबळ दोन तऱ्हा. एक, पाणी हवेत उडू द्यायचं आणि त्याबरोबर उष्णता घालवायची. म्हणजे आपला विदर्भातला कूलरच: टाकी, पंप, वाळ्याच्या ताट्या आणि पंखा. कोरड्या हवेत तो स्वर्ग देतो. मुंबईत लावला तर खोलीचं दमट तळघर होतं. त्यामुळे दुसरी तऱ्हा, हवेवर चालणारे चिलर. आमच्याकडे तेच आहेत. त्यांना पाणी जवळजवळ लागत नाही, वीज मात्र जास्त लागते. आमच्या वार्षिक सादरीकरणात एक स्लाइड असते, आपण किती पाणी वाचवलं त्याची, आणि ती दाखवताना मला दोन वर्षं खरंच बरं वाटलं होतं.

ते बाबांना सांगितल्यावर ते हसले. औष्णिक केंद्रातल्या कूलिंग टॉवरला पाणी लागतं, हे मी विसरलो होतो. त्याच टॉवरखाली वाढलेला मी. देशात २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांसाठी जी मर्यादा ठरली ती आहे एका युनिटमागे साडेतीन लिटर. आमच्या चिलरने जादा ओढलेल्या प्रत्येक युनिटबरोबर साडेतीन लिटरपर्यंत पाणी चंद्रपूरच्या इरई नदीच्या काठावर वाफ होऊन जायचं. बहिणीचे ढग. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण इतकं आटलं होतं की चंद्रपूरचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. बाबा त्या महिन्यात दुपारी घरी असायचे आणि ते आम्हाला सुट्टीसारखं वाटायचं. पाणी ऐरोलीत वाचलं होतं. स्लाइड चुकीची नव्हती, तिच्या कडेला चंद्रपूर मावलं नव्हतं इतकंच.

आकड्यांत हे सगळं अजून छोटंच आहे, हेही सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिट वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. दीड टक्का म्हणजे काय मोठं, असं म्हणता येतं. मीही म्हणतो, विशेषतः पगार झाल्या दिवशी. पण ती वीज पसरलेली नाही, गोळा झालेली आहे. आयर्लंडमध्ये २०२३ साली देशाच्या २१ टक्के वीज डेटा सेंटरांत गेली, शहरी घरांपेक्षा जास्त. आणि २०३० पर्यंत तो जागतिक आकडा ९४५ अब्जांवर जाईल, असा त्याच संस्थेचा होरा आहे. आमच्याकडे पूर्वी एका रॅकला पाच-सहा किलोवॅट म्हणजे डोक्यावरून पाणी. आता एआयसाठीचे रॅक बाजारात आले आहेत ते एकेक शंभराच्या वर ओढतात. तसला एक रॅक दिवसाला जेवढी वीज खातो तेवढ्यात मामाच्या गावातल्या पंचवीस घरांचा महिना निघेल. तो चालतो तेव्हा काय करत असतो? कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देत असतो. प्रश्न कधी कर्करोगाचा असतो, कधी "बायकोच्या वाढदिवसाला चार ओळी लिहून दे" असा असतो. रॅकला त्याचं काही नाही.

या विषयावर लिहिलं की लोक हमखास सुप्रभातच्या मेसेजांवर येतात. आई रोज पहाटे साडेपाचला गुलाब पाठवते, त्यामुळे मला या आरोपाचा खास राग आहे. २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती की भारतीयांचे फोन भरून का जातात याचा शोध घेताना गुगलच्या लोकांना हे गुलाब, सूर्योदय आणि सुविचार सापडले. भरून जातात हे खरं. पण एका गुलाबाची वीज इतकी नगण्य आहे की ती मोजायला बसणाऱ्याच्या डोक्यावरचा पंखा जास्त खाईल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये पाण्याची टंचाई होती, तेव्हा सरकारच्या दुष्काळ गटाने लोकांना जुने ईमेल नि फोटो डिलीट करायचा सल्ला दिला. जाणकारांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, ती योग्यच होती. धरण आटल्यावर लोकांना चूळ भरताना जपून भरा म्हणण्यातला तो प्रकार.

फोनचा खरा भार तो हातात येण्याआधीच झालेला असतो. आईचा फोन मी एकदा मीटरवर लावून मोजला. वर्षाला आठ-नऊ युनिट, म्हणजे पाच-सहा किलो कोळसा. एका घमेल्यात मावेल. उलट अ‍ॅपलसारख्या कंपनीच्या स्वतःच्या अहवालांत फोनच्या जन्मभराच्या कार्बनमधला साधारण ८० टक्के वाटा फोन बनवण्याचा असतो: खाणी, चिप, काच, वाहतूक. मग मागच्या वर्षी आईच्या फोनची बॅटरी फुगली तेव्हा दुकानदार म्हणाला, "नवीनच घ्या काकू, याचे पार्ट येत नाहीत." तो फोन तिनं कुरिअरनं पाठवायचा म्हटलं तर फुगलेली बॅटरी कुणी घेईना, म्हणून बाबांनी चंद्रपुरातच फिरून फिरून एक माणूस शोधला. बसस्टँडजवळ, छत्रीखाली, टेबलावर हेअर ड्रायर आणि एक पातळ पत्रा. पाठ गरम करायची, पत्रा सरकवायचा, जुनी बॅटरी वाळूच्या डब्यात, नवी आत. वीस मिनिटं, सातशे रुपये. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही हिरव्या स्लाइडपेक्षा त्या छत्रीखाली जास्त काम होतं, असं माझं मत झालं आहे. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाऊण हिस्सा कुठे गेला याची नोंद नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. माझ्या टेबलाच्या खणात त्यातले चार फोन आहेत, हवं तर नोंद करून घ्या.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत वीज गेली होती. कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटचं काम चालू होतं, भार दुसऱ्यावर होता, तेही गेलं आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्याकडे दहा सेकंद यूपीएसनं धरलं आणि डीजी उठले. गच्चीवरच्या पाइपांतून पहिला धूर येतो तो काळाभोर असतो. शेजारच्या सोसायटीच्या गॅलऱ्यांत लोक मोबाइल हातात घेऊन उभे होते, घरात दिवे नव्हते. त्यांचे फोटो, त्यांचे मेसेज, त्यांचं बँकेतलं सगळं आमच्याकडे सुखरूप होतं. एका गॅलरीत एक बाई घाईघाईनं कपडे काढत होती. मला एकदम दोरीची आठवण झाली.

परवा रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन कुंडीला टेकवून ठेवला होता आणि ती अंगणात दोरी पुसत होती. हिशेबाचं ते हॉटेलचं बिल बाबांनी घरी नेऊन देवघरामागे खोचून ठेवलं आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते तीन वाघिणींची गोष्ट सांगतात. तिलाही पाठ झाली आहे. एक फेरी झाल्यावर तिनं फडकं उलगडून कॅमेऱ्यासमोर धरलं. मधोमध काळा पट्टा, बोटभर रुंद.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझ्या हापिसाचं सामान. इथंच राहिलं."

मी काहीतरी बोललो. बहुतेक पीयूईबद्दलच बोललो असेन. ती फोनजवळ वाकली, स्क्रीनभर तिचा कान आला.

"काय म्हणून राहिला? आवाज तुटून राहिला तुझा."

मग तिनं फडकं उलटं केलं आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.